ब्रह्मकमळ उमलण्याची रात्र कशी ओळखावी, आणि ते तीन तारे कोणते?

गच्चीवरची कुंडी:
आमच्या साताऱ्याच्या गच्चीवरील ब्रह्मकमळाला, फांदी लावून चार वर्षे झाल्यावर, परवा ऑगस्टच्या मध्यावर पहिले फूल आले. साडेआठला पाकळ्या सुटू लागल्या, अकरापर्यंत ते पूर्ण उमलले आणि सकाळी पाहतो तर त्याने मान टाकलेली. पानाच्या कडेतून फूल येते तरी कसे, आणि उमलण्याची रात्र आधी कशी कळावी? शिवाय साडेदहाच्या सुमारास ढग पांगले तेव्हा जवळजवळ डोक्यावर एका ओळीत तीन तारे दिसले, त्यांतला मधला ठळक होता. मृगाचा बाण तो हाच का?

निवडुंगवेडा:
ज्याला आपण पान म्हणतो ती चपटी झालेली फांदीच आहे, कारण ही वनस्पती मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील निवडुंग आहे. हिमालयातील खरे ब्रह्मकमळ, म्हणजे उत्तराखंडचे राज्यपुष्प, सूर्यफुलाच्या कुळातले असून त्याचा हिच्याशी काही संबंध नाही. (हे सांगितल्यावर आमच्या शेजारणी अजूनही रागावतात.) लोंबणाऱ्या कळीचा देठ वर वळला, टोक फुगले आणि बाहेरची तांबूस आवरणे सुटी होऊ लागली, की बहुधा त्याच रात्री जागावे. पांढरा रंग आणि दरवळ हे दोन्ही अंधारात फिरणाऱ्या पतंगांसाठी आहेत.

आकाशदर्शक:
तो मृग नव्हे. बाणातले तिन्ही तारे जवळपास सारखेच तेजस्वी असतात आणि ऑगस्टमध्ये मृग मध्यरात्रीनंतरच उगवतो. आपण पाहिलेला मधला तारा श्रवण होय; पौर्णिमेचा चंद्र त्याच्या आसपास असतो म्हणूनच या महिन्याला श्रावण हे नाव मिळाले. तो सुमारे 17 प्रकाशवर्षे दूर आहे आणि सूर्याला स्वतःभोवती फिरायला जिथे सुमारे 25 दिवस लागतात, तिथे हा आठ-नऊ तासांतच एक फेरी पूर्ण करतो, त्यामुळे तो ध्रुवांकडे चपटा झाला आहे. त्याच वेळी उत्तरेकडे वळून पाहिले असते, तर त्याच्याहून ठळक, निळसर-पांढरा अभिजितही दिसला असता.

गच्चीवरची कुंडी:
आभारी आहे. दुसऱ्या कळीचा देठ आज दुपारपासून वर वळलेला दिसतो. पाऊस मात्र थांबण्याचे नाव घेत नाही, त्यामुळे अभिजित राहिला तरी कुंडी जिन्यात आणून ठेवली आहे.