मदत हवी आहे : ट्रॉलीच्या डंपिंग जॅकचा बोअर आणि पिनची जागा

नमस्कार मंडळी. शेणखत आणि मुरूम वाहण्याची माझी साधी ट्रॉली डंपिंगची, म्हणजे हौदा उचलून माल मागे ओतणारी, करून घ्यायची आहे. फॅब्रिकेटर 80 मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) हायड्रॉलिक जॅक सुचवतात. मात्र चॅसिसला वेल्डिंग करण्याआधी हिशेब जाणकारांकडून तपासून घ्यावा, असे वाटते.

हौदा 3 मीटर लांब, भरल्यावर हौद्यासह वजन 4 टन आणि त्याचा गुरुत्वमध्य मागच्या बिजागरीपासून दीड मीटरवर धरला आहे. हौदा टेकलेला असताना जॅक जमिनीशी जेमतेम 30 अंशांत तिरका राहतो, त्यामुळे त्याचा निम्माच जोर उचलण्याच्या कामी येतो आणि नेमके तेव्हाच ओझे सर्वांत जड असते. जॅक हौद्याला जोडणारी वरची पिन बिजागरीपासून 1.8 मीटरवर घेतली तर सुरुवातीला सुमारे 6.7 टन जोर लागतो. ट्रॅक्टरचा दाब गेजवर 150 बार दिसतो, म्हणजे 80 मिमीचा जॅक फार तर 7.7 टन देईल. पिना गंजल्या किंवा माल ओला असला तर ही शिल्लक मला अपुरी वाटते.

खरी अडचण लांबीची आहे. याच जागी हौदा 45 अंश उचलायला सुमारे 84 सेंमी स्ट्रोक (रॉड बाहेर येण्याची लांबी) लागतो, आणि दोन्ही पिनांमध्ये बंद जॅकला जागा आहे 90 सेंमी. सीलचे डोके आणि दोन्ही टोकांचे कान यांतच 25 सेंमी जातात, म्हणजे एकेरी (एकाच रॉडचा) जॅक मावत नाही. पिन 1.4 मीटरवर मागे सरकवली तर स्ट्रोक 59 सेंमीवर येतो आणि जॅक मावतो, पण जोर 8.6 टन लागतो. तिथे 80 मिमी पुरत नाही, 90 मिमी काठावर बसतो, 100 मिमी निर्धास्त चालेल. मात्र 100 मिमीच्या जॅकला साडेचार लिटरहून अधिक तेल लागते, आणि माझ्या ट्रॅक्टरमध्ये हेच तेल गिअरबॉक्सही वापरतो. तेव्हा 1.4 मीटरवर 100 मिमीचा एकेरी जॅक घ्यावा, की 1.8 मीटरवर दोन टप्प्यांचा टेलिस्कोपिक (एकात एक नळ्या सरकणारा)?

दुसरे असे की, उंचसखल रानात हौदा पिळतो आणि साध्या बुशमध्ये तो ताण थेट रॉडवर व सीलवर येतो. दोन्ही टोकांना गोलाकार (स्फेरिकल, आडव्या दिशेलाही थोडे कलू देणारे) बेअरिंग घालावे की एका टोकाला पुरते? हौदा पूर्ण उचलल्यावर जॅकने आतून ठोकू नये म्हणून साखळी लावून किती स्ट्रोक शिल्लक ठेवता, तेही कृपया कळवावे.