सेल बदलूनही संगणकाची तारीख मागे जाते

प्रश्न (मार्केट यार्ड, सांगली)
नमस्कार. आमच्या हळदीच्या अडत दुकानातील संगणक सकाळी सुरू केला की घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले असते. तारीख चुकल्यामुळे ब्राउझर जीएसटीचे संकेतस्थळ असुरक्षित ठरवून उघडू देत नाही आणि शेतकऱ्यांच्या पट्टीवर भलतीच तारीख छापली जाते, ही आम्हाला मोठी चिंता आहे. मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ हा गोल सेल नवा घातला, तरी थोड्याच दिवसांत पुन्हा तीच गत झाली. रात्री आम्ही भिंतीवरचे बटण बंद करतो. मदरबोर्डच बदलावा लागेल काय?

उत्तर (विश्रामबाग, सांगली)
कृपया एवढ्यात मदरबोर्ड बदलू नका. भिंतीवरचे बटण चालू असते तेव्हा एसएमपीएसमधून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) येणाऱ्या ५ व्होल्टच्या स्टँडबाय पुरवठ्यावर, म्हणजे संगणक बंद असतानाही मिळणाऱ्या विजेवर, घड्याळ चालते आणि बटण बंद होताच सारा भार सेलवर येतो. पण चांगला सेल हा भार काही वर्षे सहज पेलतो, त्यामुळे आपल्या सवयीत दोष नाही. विजेची वायर काढून सेल बाहेर घ्या आणि मल्टिमीटरने मोजा. ३ व्होल्टच्या आसपास असेल तर सेल ठीक आहे, मग खाचेतील पत्र्याच्या पट्ट्या तपासा. २.७ च्या खाली उतरला असेल, तर एक तर तो दुकानात पडून जुना झालेला असावा किंवा बोर्डावर कुठेतरी वीज झिरपत असावी. सेल काढण्यापूर्वी बायोसमधील (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधील) साटा मोडची, म्हणजे डिस्क जोडण्याच्या पद्धतीची, नोंद मात्र अवश्य करून ठेवा. तो बदलला गेल्यास विंडोज सुरूच होत नाही.

उत्तर (सातारा)
सेलजवळचा सीमॉस (बायोसच्या नोंदी आणि वेळ साठवणारी स्मृती) पुसण्याचा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, हाही पाहावा; तो चुकीच्या पिनांवर राहिला असल्यास नोंदी टिकत नाहीत. वेळ नेमकी साडेपाच तासांनी चुकत असती, तर तो विंडोज आणि लिनक्स एकत्र वापरल्याचा परिणाम म्हटला असता. आपले तसे दिसत नाही.

प्रश्नकर्ता
सेल ३.१ व्होल्ट दाखवतो आणि जंपर योग्य जागी आहे. खाचेच्या तळाची ऋण पट्टी मात्र दबून सपाट झाली होती आणि तिच्यावर हळदीच्या धुळीचा पिवळा थर घट्ट बसला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती पुसली, लाकडी काडीने हलकेच वर उचलली आणि अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून तोच सेल परत बसवला. रात्रभर बटण बंद ठेवूनही आज सकाळी तारीख आणि वेळ बरोबर होती. दोघांचेही मनापासून आभार.