ऑलिंपियाचे खेळ: देवाचे की राजकारणाचे?

चौकस: प्राचीन ग्रीकांच्या खेळांत धर्म नावापुरता होता, खरा मामला नगरराज्यांच्या प्रतिष्ठेचा, असं सर्रास म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. ऑलिंपियात, म्हणजे ऑलिंपिक खेळ भरायचे त्या देवस्थानात, खेळाडू आधी दोन्ही हातांत वज्र घेतलेल्या झ्यूससमोर, ग्रीकांच्या देवराजाच्या मूर्तीसमोर, उभा राहायचा. रानडुकराच्या मांसाच्या तुकड्यांवर शपथ घ्यायची की लबाडी करणार नाही. सोबत बाप, भाऊ, प्रशिक्षक यांनाही तीच शपथ. झ्यूसची वेदी म्हणजे बळींच्या राखेचा थरावर थर चढत उंच झालेला ढीग. याला नावापुरतं म्हणायचं?

सडेतोड: शपथेचा एवढा धाक होता, तर इ.स.पू. 388 मध्ये थेसलीच्या युपोलसने प्रतिस्पर्धी मुष्टियोद्ध्यांना पैसे कसे चारले? आणि अथेन्सच्या पुढारी अल्सिबायडीसचं काय? 416 मध्ये त्याने सात रथ उतरवले. पहिला, दुसरा आणि चौथा क्रमांक त्याचाच. पुढच्याच वर्षी सिसिलीच्या मोहिमेच्या सेनापतिपदावर हक्क सांगताना अथेन्सच्या सभेत त्याने हेच ऐकवलं. रथ हाकणार सारथी, मुकुट मालकाला. यात भक्ती कुठे आहे? हा श्रीमंतांचा खेळ.

चौकस: रथांपुरतं मान्य. पण युपोलसची गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्या सगळ्यांना दंड झाला आणि त्या पैशातून झ्यूसच्या कांस्यमूर्ती घडवून स्टेडियमच्या वाटेवर उभ्या केल्या. चौथरे आजही दिसतात. गुन्हा देवाचा, म्हणून दंडही देवाला!

रानवारा: इ.स.पू. 364 विसरू नका. ऐन खेळांत, त्याच पवित्र आवारात खेळांचं जुनं यजमान राज्य एलिस आणि शेजारच्या आर्केडियाच्या नगरसंघाचं सैन्य भिडलं. भांडण यजमानपदाचं, आपल्याकडे जत्रेच्या मानावरून होतं तसंच. पण ज्या सोहळ्याला पावित्र्य नाही, त्याच्या मानासाठी कोण जीव देईल?

सडेतोड: मानासाठी कसलं, सत्तेसाठी! साऱ्या ग्रीकांची नजर तिथे असायची आणि देवस्थानचा खजिनाही तिथेच. आर्केडियाच्या पुढाऱ्यांनी त्याच खजिन्यातून सैनिकांचे पगार भागवले.

चौकस: आणि त्यांच्याच गोटातल्या मॅन्टिनिया नगराने तो पैसा वापरायला साफ नकार दिला, हेही लिहा ना. पुढाऱ्यांनी त्यांच्यावर कारवाई करायचा प्रयत्न केला, तरी ते बधले नाहीत. शेवटी आर्केडियाच्या सभेनेही ठरवलं, हा पैसा वापरायचा नाही. आपल्या पोराबाळांच्या माथी देवाचा हा अपराध नको. हे म्हणणारे पुजारी नव्हते, लढाईत उतरलेल्या नगरांचे नागरिक होते.