सल्ला हवा: ईटीपीच्या ब्लोअरला सोलर-बॅटरी घ्यावी का? (सोलापूर)

टॉवेल_आणि_तूस
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे, मागे छोटं डाईंग. रोज साधारण 60 हजार लिटर रंगाचं पाणी निघतं. ईटीपीचा (हे पाणी शुद्ध करायचा प्लांट) 10 एचपीचा ब्लोअर टाकीतल्या बॅक्टेरियांना हवा देत चोवीस तास चालतो. संध्याकाळी लाइट गेली की दोन-तीन तास गुल. मागच्या महिन्यात तर रविवारी रात्रभर गेली आणि जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं (चूक आमचीच). सोमवारी गेट उघडलं तर कुजक्या अंड्यांचा वास पार कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत, एअरेशन टाकीतलं पाणी काळं. बॅक्टेरिया परत जमवायला तीन आठवडे गेले.

एकाने 25 किलोवॉट सोलर आणि 40 युनिटची ट्यूब्युलर (लेड-ॲसिड) बॅटरी बँक सुचवली आहे. दुसरा म्हणतो लिथियमच घ्या. मालाचा टेम्पोही इलेक्ट्रिक घ्यायचं चाललंय. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

कडक_भाकरी
शेड सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर आधी कैच्या तपासून घ्या, पॅनलचं वजन पत्र्यावर नको. 25 किलोवॉटला अडीच हजार चौरस फूट तरी लागेल. बाकी आमच्याकडे खरा त्रास तुसाचा आहे. एक्झॉस्टमधून तूस उडतं, त्यात बॉयलरची राख, वरून पहाटेचं दव. पॅनलवर पापडासारखा थर धरतो. बोरच्या पाण्याने धुतलं तर क्षाराचे पांढरे डाग. ऊन चढायच्या आत मऊ पाण्याने धुवा. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

फ्यूजवाले_काका
एक गोष्ट सोलरवाला सांगणार नाही. साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर असेल तर लाइट गेली की सोलरही बंद. भर उन्हातसुद्धा! लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. लाइट गेल्यावर चालवायचं तर बॅटरी जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागेल. अगोदर विचारा, मग सही करा.

सांडपाणी_ताई
मी दहा वर्षं ईटीपीच चालवते, म्हणून जरा लांबण लावते.

दादा, बॅटरी किती हवी हे विचारायच्या आधी रात्री ब्लोअर किती हवा ते बघा. 10 एचपी म्हणजे साडेसात किलोवॉट, तीन तास म्हणजे बावीस युनिट. हा हिशोब बरोबर आहे, पण तो रात्रीही दिवसाइतकंच पाणी टाकीत येतं असं धरून केलेला. ते कशाला येऊ द्यायचं? रात्रीचं पाणी इक्वलायझेशन टाकीत (एअरेशनच्या आधीची साठवणीची टाकी) साठवा आणि सकाळी नऊनंतर एअरेशनला सोडा. बॅक्टेरियांना खायला नसलं की दोन-तीन तासांत त्यांची ऑक्सिजनची भूक उतरते. मग 3 एचपीचा छोटा ब्लोअर गाळ खाली बसू न देण्यापुरता पुरतो. तीन तासांना सात युनिटसुद्धा नाही. दहा युनिटची बॅटरी झाली की भागलं. पूर्ण बंद मात्र ठेवायचं नाही, त्याचा वास तुम्ही घेतलाच आहे.

फिल्टर प्रेस, आरओचा पंप, डोसिंगचं ढवळणं, सगळं उन्हाच्या वेळेत घ्या. औद्योगिक बिलात टीओडीचा (वेळेनुसार दराचा) रकाना बघा, दिवसाच्या युनिटला सवलत आणि संध्याकाळी जादा आकार दिसेल.

ब्लोअरला व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारं यंत्र) लावलात तर "स्पीड निम्मा, वीज आठवा हिस्सा" असं कोणी सांगेल. ते पंख्यासारख्या पात्यांच्या सेंट्रिफ्यूगल ब्लोअरला. आपल्याकडे बहुतेक ट्विन लोब (दोन रोटरचे) असतात, त्यांची वीज साधारण स्पीडच्याच प्रमाणात उतरते आणि फार हळू फिरवला तर ब्लोअर तापतो. तरी व्हीएफडी घ्याच. मोटर चालू होताना सहापट करंट ओढते, तो धक्का इन्व्हर्टरला नको.

आता लेड की लिथियम. ट्यूब्युलर निम्म्यापर्यंतच उतरवायची, म्हणजे 40 युनिटच्या बँकेतून हाती वीसच, तुमचे बावीससुद्धा निघत नाहीत. शिवाय 25 अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य जवळपास निम्मं होतं. आपला मे महिना आणि बॉयलरशेजारची खोली, करा विचार. मी एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट घेईन. ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते, हजारो सायकल (चार्ज-डिस्चार्ज) चालते. खोली उत्तरेला आणि हवेशीर ठेवा.

फ्यूजवाले_काका
ताई, बरोबर. घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पात 250 मेगावॉटचं हेच चालतं. वीज जास्त असते तेव्हा पाणी वरच्या तलावात चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडायचं. तिथे साठवतात वीज, इथे काम.

टॉवेल_आणि_तूस
टेम्पोच्या बॅटरीवर रात्री ब्लोअर चालेल का? 😅 तोही दहा युनिटचाच येतो.

कडक_भाकरी
नाही बे. तीनचाकी लोडरमधून वीज बाहेर घ्यायची सोय नसते. जुगाड केलात की वॉरंटी गेली. सकाळची खेप टाकून आला की दुपारी बारा ते चार शेडमध्येच चार्जिंगला लावा, पॅनलचीच वीज जाईल. माझा एक तसाच चाललाय. लांबच्या खेपेला डिझेलचा ठेवलाय मात्र.

सांडपाणी_ताई
इक्वलायझेशन टाकी केवढी आहे? आणि रात्री किती भरते? खरेदी त्यावर ठरवा.

टॉवेल_आणि_तूस
40 हजार लिटर. तीन दिवस खडूने भिंतीवर खुणा केल्या. रात्री नऊ ते सकाळी नऊ सगळ्यात जास्त भरली ती 22 हजार. म्हणजे संध्याकाळी उपसून ठेवली तर जागाच जागा, आणि आम्ही ती कायम भरलेली ठेवत होतो! 40 युनिटवाल्याला नको म्हणून कळवलं. 3 एचपी ब्लोअर आणि दहा युनिट एलएफपीचं कोटेशन मागवतोय, सोलरचं नंतर. खालचा गाळ काढून टाकी पूर्ण मोकळी होते का ते रविवारी बघतो. ताई, डिफ्यूझर (टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे) जुनेच चालतील की 3 एचपीला थोडे बंद करावे लागतील?

सांडपाणी_ताई
चार कोपऱ्यांत बुडबुडे सारखे येतात का ते बघा आणि व्हिडिओ टाका. मग सांगते.