तालुक्याच्या वाचनालयात सह्याद्रीचं कपाट : पुस्तकं कुठली घ्यावीत?

प्रवराकाठ
आमच्या अकोले तालुक्यातल्या एका छोट्या वाचनालयाला देणगी मिळाली आहे. देणगीदाराची अट एकच : पुस्तकं आपल्या मुलखाची हवीत. डोंगर, किल्ले, इतिहास, भटकंती. निवड समितीत मी आहे, म्हणून माझं मत आधी मांडतो. विरोध असेल तर तोही इथेच स्पष्ट करा.

पुस्तक हातात आलं की मी आपल्या ओळखीच्या जागेचं पान उघडतो, बहुतेक वेळा हरिश्चंद्रगडाचं. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यात पिंड आहे. भोवती चार खांब होते, तीन मोडले, एक उभा आहे. चार खांब म्हणजे चार युगं, शेवटचा पडला की जगबुडी, ही कथा इथलं प्रत्येक पोर सांगतं. लेखकाने ती ‘गावकरी सांगतात’ म्हणून दिली असेल तर मी पुढे वाचतो. इतिहास म्हणून ठोकून दिली असेल तर पुस्तक परत ठेवतो, कारण ज्याने इथे हे केलं त्याने रतनगडावर आणि शिवनेरीवरही तेच केलं असणार. कागदात सापडलेलं काय, लोकांच्या तोंडून ऐकलेलं काय आणि स्वतः चालून पाहिलेलं काय, हे वाचणाऱ्याला वेगवेगळं ओळखता आलं पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं, निम्मे पैसे मूळ साधनांवर घालावेत : सभासदाची बखर (शिवाजी महाराजांचं जुनं चरित्र), रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र (मराठेशाहीच्या राज्यकारभाराचे नियम), १८८४ चं अहमदनगर जिल्ह्याचं गॅझेटियर (इंग्रजांनी करून घेतलेला माहितीग्रंथ). गुळगुळीत कागदावरची महागडी फोटोंची पुस्तकं एकही नको.

कातळवाट
माझा विरोध आहे. शनिवारी रात्री कसाऱ्याला उतरून येणारी मंडळी बखर मागणार नाहीत. त्यांना वाट हवी असते. हरिश्चंद्रगडावर खिरेश्वरहून तोलार खिंडीतून जाता येतं, पाचनईहून जाता येतं आणि नळीच्या वाटेनेही जाता येतं. नावं शेजारी शेजारी लिहिली की तिन्ही सारख्याच वाटतात. पण पाचनईची वाट घरच्यांना घेऊन जाण्यासारखी आहे, आणि नळीच्या वाटेला दोर, अनुभव आणि जाणता माणूस लागतो. हा फरक ठसठशीत सांगणारं पुस्तक जीव वाचवतं. पाणी कुठल्या टाक्यात, ते मार्चनंतर टिकतं का, शेवटची एसटी किती वाजता, हे आधी. निम्मे पैसे वाटांच्या पुस्तकांना द्या.

आणि भिंतीवर भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा लावा. एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, दोन समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, २० मीटर उंची. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यापाशी त्या रेषा एकमेकींना कशा चिकटल्यात ते पोरांना बोट ठेवून दाखवा. एवढं कळलं तरी पुढच्या कित्येक रेस्क्यू टळतील.

वाडीवरचा
मी पाचनईकडचा. पावसाळा सोडला तर वाटाड्याचंच काम करतो. कातळवाट दादा, शनिवारी येणारी मंडळी गाडीतून उतरून थेट आमच्याकडं येतात, वाचनालयात कोण जातंय? वाचनालयात आमची पोरं जातात. त्यांना वाट पुस्तकात बघायची गरज न्हाई.

आमची अडचण येगळी आहे. पाव्हणे इचारतात, मंदिर कोणी बांधलं, चांगदेवांचा इथं काय संबंध, एवढी टाकी कशाला खोदली. आम्ही ऐकलेलं सांगतो. मग एखादा जाणता माणूस तोंडावर म्हणतो, हे खोटं आहे. पोराला वाईट वाटतं. त्याच्या हातात काहीतरी पक्कं पाहिजे. म्हणून बखर आणा, पण आम्हाला समजंल अशा मराठीत, खाली अर्थ दिलेली.

मोडीवाचक
वाडीवरच्या भाऊंचं शंभर टक्के पटलं. टाक्यांचंच घ्या. आज्ञापत्रात अमात्य सांगतात की गड बांधण्याआधी पाणी बघावं. गडावर झरा आहे, पुरेसं पाणी मिळतंय, तरी तेवढ्यावर निश्चिंत राहू नये, कारण झुंजीत तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून दोन-चार टाकी-तळी राखीव बांधावीत. हरिश्चंद्रगडावरची बरीच टाकी लेण्या-मंदिरांच्या काळातली, मराठेशाहीच्या कितीतरी आधीची. पण कातळात पाणी साठवून का ठेवायचं हे या चार ओळींनी कुठल्याही पोराला कळेल.

सिंहगडाचंही तसंच. घोरपड लावून तानाजी चढला, हे आपण सगळे ऐकत आलो. ती घोरपड शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात आहे. सभासदाने लिहिलंय की दोन मर्दाने मावळे आधी वानरासारखे कडा चढून गेले, त्यांनी माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली आणि तिच्यावरून बाकीचे तीनशे वर आले. मला तरी यातलं शौर्य जास्त मोठं वाटतं. पोवाडाही कपाटात हवा, पण पोवाडा म्हणून.

राजूरची शिक्षिका
बखर-आज्ञापत्राला माझी हरकत नाही. गॅझेटियरला आहे, आणि ती मनापासून आहे.

ते इंग्रज सरकारने कारभाराच्या सोयीसाठी लिहून घेतलं. किल्ल्यांची, देवळांची, घाटवाटांची माहिती त्यात भरपूर आहे, मान्य. पण रामोशी, महादेव कोळी, कातकरी यांच्याबद्दल त्या ग्रंथांत जे लिहिलंय ते माझ्या वर्गातल्या मुलांनी स्वतःच्या घराण्याची ओळख म्हणून वाचावं का? राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. सावकार आणि सरकार दोघांविरुद्ध उठले, १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. सरकारी कागदांत ते दरोडेखोर आहेत. देणगीच्या पैशातून असा ग्रंथ घेऊन ‘आपला मुलूख’ अशा पाटीखाली ठेवायचा, हे मला सहन होत नाही.

शिवाय ते इंग्रजीत आहे, आणि राज्याच्या गॅझेटियर विभागाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. मग पैसे कशाला घालायचे?

प्रवराकाठ
ताई, फुकट मिळतं हा मुद्दा बरोबर आहे, त्यामुळे ते विकत घेण्याचा आग्रह सोडतो. पण कपाटात तिथून छापून काढलेली त्याची प्रत असावी यावर मी ठाम आहे. राघोजींना सरकार किती घाबरत होतं हे आपल्याला कळतं ते त्याच सरकारच्या कागदांतून. ते कागद दृष्टीआड केले तर आपल्या हातात त्यांची फक्त कथा उरेल, आणि वाडीवरच्या भाऊंच्या पोरांना पुन्हा कोणीतरी खोटं पाडेल. प्रत आदिवासी उठावांवरच्या मराठी पुस्तकांशेजारी ठेवू, आणि पहिल्या पानावर हे कोणी, कधी, कशासाठी लिहिलं ते चिकटवू. तो मजकूर तुम्हीच लिहावा अशी विनंती.

कातळवाट, वाटांच्या पुस्तकांबद्दल माझी शंका वेगळी आहे. वाट बदलते, पुस्तक तेच राहतं.

घाटमाथा
याला माझा दुजोरा. रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळगडाच्या जुन्या वर्णनांत वाट इर्शाळवाडीतून जाते. पाणी वाडीत भरून घ्या, वाटाड्या वाडीत मिळेल, असं सांगितलेलं असतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली आणि ती वाडी गाडली गेली. ते पान आजही जसंच्या तसं वाचलं जातं. वाटांच्या पुस्तकात लेखक त्या वाटेने कुठल्या साली आणि कुठल्या ऋतूत गेला हे छापलेलं नसेल, तर ते घेऊ नका. आवृत्तीचं साल बघून फसायला होतं, नवीन मुखपृष्ठाखाली मजकूर बहुधा जुनाच असतो.

रानफुलं
किल्ल्यांच्या भांडणात रान विसरू नका. आपलं रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. झाडाफुलांचं पुस्तक निवडताना स्थानिक नावं दिली आहेत का ते आधी बघा. कारवी सात वर्षांनी फुलते हे सगळीकडे छापलेलं असतं, पण तिच्या काठ्यांनी कुडाच्या भिंती बांधतात हे लिहिणारा माणूस इथे राहून गेलेला असतो. काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याला येणाऱ्या गर्दीसाठी असं एक तरी पुस्तक दर्शनी ठेवा.

पायथा
सगळेच कागद, वाटा आणि पुराव्यांवर बोलताय. माझ्या आईचे गुडघे गेलेत. रतनगडाचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, तिने फोटोंच्या पुस्तकातच पाहिलं आणि दोन दिवस त्याच्याबद्दल बोलत होती. फोटोंचं एकही नको म्हणणं हे चढू शकणाऱ्यांचं मत झालं. तसंच गो. नी. दांडेकरांचं ‘दुर्गभ्रमणगाथा’ हवंच. तारखा पडताळायला ते कोणी उघडत नाही, पण ते वाचून घरातून निघालेली माणसं मी पाहिली आहेत.

प्रवराकाठ
गोनीदांना विरोध नाहीच, ते स्वतः चालले आहेत आणि ते पानापानावर दिसतं. फोटोंचं एक पुस्तक घेऊ, पण प्रत्येक फोटोखाली जागेचं नाव असलेलं. आणखी एक : युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये यादीत घेतलेल्या १२ किल्ल्यांवरचं पुस्तक घ्या अशी समितीत मागणी आहे. साल्हेरपासून जिंजीपर्यंतच्या त्या बारांत आपल्या तालुक्यातला एकही नाही. ते पैसे मी पाबरगड, कुंजरगड, अलंग-मदन-कुलंग यांची धड माहिती देणाऱ्या पुस्तकाला देईन.

कातळवाट
ते ठीक. घाटमाथाची अटही मान्य, साल आणि ऋतू नसलेलं वाटांचं पुस्तक घेऊ नका. पण म्हणून वाटांचा वाटा कमी करू नका. जुन्या पुस्तकांच्या समासात वाडीवरच्या भाऊंनी दरवर्षी दिवाळीनंतर पेनाने दुरुस्त्या कराव्यात, आणि त्या कामाचे पैसे त्यांना याच देणगीतून मिळावेत. बखरीला निम्मे पैसे द्यायला माझा विरोध कायम आहे, समितीच्या इतिवृत्तात तसं नोंदवा.

वाडीवरचा
दुरुस्त्या करीन. पैसे मला नको, त्यात पोरांसाठी दोन होकायंत्रं घ्या. नळीच्या वाटेचं पान आधी दाखवा, त्यात काय लिहिलंय ते बघायचंय.