व्हिडिओ आधीच पोचवून ठेवावेत की मागितल्यावर ओढावेत?

रात्रपाळी
एका शिक्षणसंस्थेचं व्हिडिओ-ग्रंथालय आम्ही सांभाळतो. मूळ फाइली पुण्यात, नागपूर आणि कोल्हापूरच्या केंद्रांत एकेक सर्व्हर. सध्या तिकडे कुणी व्हिडिओ उघडला की तो पुण्याहून ओढला जातो आणि मग तिथल्या कॅशमध्ये, म्हणजे जवळच्या तात्पुरत्या साठ्यात, राहतो. माझ्या मते हे बदलायलाच हवं. रात्री लाइन मोकळी असते, तेव्हाच फाइली पुढे पाठवून ठेवाव्यात. नेटफ्लिक्स ओपन कनेक्टमध्ये हेच करतं, 2012 पासून. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्याच जागेत त्यांची यंत्रं बसवलेली असतात, वर्दळ कमी असताना ती भरून घेतात, आणि लोक संध्याकाळी पाहायला बसतात तेव्हा व्हिडिओ जवळूनच मिळतो. आमच्याकडे सकाळी दहाच्या तासाला अख्खा वर्ग एकाच व्हिडिओवर क्लिक करतो. पुण्याहून फाइल येईपर्यंत मुलांनी गोल फिरणारं चक्र का बघत बसायचं?

कॅशवाला
नेटफ्लिक्सचं उदाहरण इथे लागू पडत नाही. उद्या काय पाहिलं जाईल याचा अंदाज बांधायला त्यांच्याकडे कोट्यवधी प्रेक्षकांची नोंद आहे. तुमच्याकडे ती नाही, म्हणजे सगळंच पाठवावं लागणार. हिशोब मांडा. संग्रह 20 टेराबाइटचा धरला आणि सेकंदाला 1 गिगाबिटची लाइन पूर्ण मिळाली, तरी एका केंद्राला 44 तासांहून जास्त लागतात. रात्री 1 ते सकाळी 7 या वेळात जेमतेम 2.7 टेराबाइट जाईल, आणि त्यातलं बरंचसं कुणी उघडणारही नाही. वर्गाच्या गर्दीवर वेगळा इलाज आहे. एन्जिनएक्स या सर्व्हर-सॉफ्टवेअरमध्ये 'प्रॉक्सी कॅश लॉक' आहे, मुळात बंद असतो, तो चालू करा. मग पुण्याला एकच विनंती जाते, बाकीच्या थांबतात.

रात्रपाळी
किती थांबतात? त्या लॉकची मूळ मुदत 5 सेकंदांची. ती संपली की थांबलेली प्रत्येक विनंती पुण्याकडे सुटते आणि तिचं उत्तर कॅशमध्ये ठेवलंही जात नाही. 1 गिगाबाइटची फाइल यायला पूर्ण गिगाबिट मिळाली तरी 8 सेकंद लागतात. म्हणजे ऐन गर्दीत तुमचा इलाज निकामी.

कॅशवाला
अख्खी फाइल ओढायचीच कशाला? एचएलएस म्हणजे व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी पाठवायची पद्धत, तिचे सहा-सहा सेकंदांचे तुकडे करा, एकेक तुकडा काही मेगाबाइटचा, मुदतीच्या आत सहज येतो. 2019 च्या विश्वचषकात भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना हॉटस्टारवर एका वेळी अडीच कोटींहून जास्त लोक पाहत होते. तिथे आदल्या रात्री भरून ठेवायला काही नव्हतंच.

झुंड
पुण्याहूनच सगळं का यावं? नागपूरला आलेली फाइल कोल्हापूरने नागपूरकडून घ्यावी. ओपन कनेक्टची यंत्रंसुद्धा एकमेकांकडून भरून घेतात.

कॅशवाला
दोन केंद्रांसाठी एवढा खटाटोप नको. स्पॉटिफायनेही श्रोत्यांच्या संगणकांतली आपसातली देवाणघेवाण 2014 मध्ये बंद केली, कारण स्वतःचे सर्व्हर पुरेसे झाले होते.

झुंड
ते श्रोत्यांचे संगणक होते, कधीही बंद होणारे. इथे दोन्ही टोकांना चोवीस तास चालणारे सर्व्हर आहेत.

वऱ्हाडी
मी नागपूरसारख्याच दूरच्या केंद्रात काम करतो, म्हणून कळकळीने सांगतो. तुम्ही सगळे लाइन चालू आहे असं धरून बोलताय. रस्ता खोदताना फायबर तुटते आणि दुरुस्तीवाले यायला कधी दोन दिवस लागतात. त्या काळात ओढण्याच्या पद्धतीत आमच्या मुलांना फक्त आधी कुणी पाहिलेलंच मिळतं. आमच्या डिस्कवर असेल तेवढंच आमचं. पाठवायचं तर नीट पाठवा एवढंच. फाइल आधी तात्पुरत्या नावाने उतरवा, शा-256, म्हणजे मजकुरावरून काढलेला फाइलचा ठसा, मूळ फाइलशी जुळवून पाहा, मगच खरं नाव द्या. नाहीतर अर्धवट आलेली फाइल वर्गात लागते आणि बाविसाव्या मिनिटाला थांबते.

रात्रपाळी
वऱ्हाडी, अगदी पटलं. कॅशवाला, अंदाजाचं म्हणाल तर आमच्याकडे त्याहून पक्की गोष्ट आहे: वेळापत्रक. उद्या कुठल्या वर्गात कुठला विषय आहे हे आदल्या संध्याकाळी ठरलेलं असतं. तेवढेच व्हिडिओ रात्री पाठवायचे. 20 टेराबाइटचा प्रश्नच येत नाही, काही गिगाबाइटमध्ये काम भागतं.

कॅशवाला
वेळापत्रकाचा मुद्दा मान्य, तासांपुरता. पण परीक्षा जवळ आली की मुलं वेळापत्रक बघून व्हिडिओ उघडत नाहीत. जूनमधलं व्याख्यान मार्चमध्ये शोधतात, रात्री अकरा-बाराला, जो तो आपापल्या अडलेल्या धड्यासाठी. ती यादी आदल्या संध्याकाळी कुणाकडेच नसते. ओढण्याची सोय काढून टाकलीत तर नेमकी तीच मुलं उपाशी राहतील.

वऱ्हाडी
मग मार्चच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीच्या रात्रींत, सगळा अभ्यासक्रम आमच्याकडे भरून ठेवा. डिस्क कमी पडत असेल तर ती आधी मागवा.