कानामागचं मशीन: चावताना शिट्टी, दुपारनंतर बंद, सेल चार दिवसांत खलास

चिपळूणकर७:
बाबांचं (वय ७८) ऐकू येण्यासाठी कानामागे लावायचं डिजिटल मशीन (श्रवणयंत्र) आहे. दोन वर्षं जुनं, १३ नंबरचा सेल, कडक ॲक्रिलिकचा मोल्ड (कानाच्या मापाचा, नळीने मशीनला जोडलेला कानातला भाग). पाऊस सुरू झाल्यापासून तीन तक्रारी आहेत. सकाळी ठीक चालतं, दुपारनंतर आवाज घोगरा होत होत बंद पडतो. काढून तासभर ठेवलं की परत सुरू. जेवताना शिट्टी वाजते. आणि एरवी दहा-बारा दिवस जाणारा सेल आता चार दिवसांत संपतो. रात्री मशीन सेलसकट सिलिका जेलच्या डबीत ठेवतो. कंपनीचं सेंटर पुण्यात आहे. तिथवर जाण्याआधी घरी काय तपासता येईल?

कर्णफूल:
तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी असू शकतात, एकत्र बांधू नका.

दुपारनंतर बंद पडणं म्हणजे बहुतेक नळीतलं पाणी. कानातली दमट गरम हवा नळीत शिरते, बाहेरच्या गार भागात तिचा थेंब होतो. नळी उजेडासमोर धरून बघा, हुकाजवळच्या (हुक म्हणजे मशीनच्या टोकाचा, कानावर अडकणारा कडक वाकडा भाग) वळणावर मोहरीएवढा थेंब दिसेल. आवाज अडवायला तेवढा पुरतो. नळी हुकापासून ओढून सोडवा (हुकाला एका हाताने घट्ट धरा, नाहीतर तोच तुटेल) आणि रबरी फुग्याच्या ब्लोअरने हुकाकडच्या टोकातून हवा मारा. तोंडाने फुंकू नका, फुंकरीत पुन्हा ओल असतेच. मशीनच्या आत तर कुठूनच हवा मारायची नाही. हेअर ड्रायर, ऊन, तांदळाचा डबा, सगळं वर्ज्य.

मोल्ड आठवड्यातून एकदा, मशीनपासून सोडवूनच, कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा. स्पिरिट नको. ब्लोअरने पाणी काढा, रात्रभर वाळू द्या, सकाळी जोडताना मोल्डचं वळण आणि मशीनचं वळण एका दिशेला आहे ना ते बघा. उलट जोडला की कानात बसतच नाही आणि लोक मशीनला दोष देतात.

शिट्टी कुठून येते ते असं शोधा. मशीन चालू, आवाज नेहमीइतका.
१. नळी काढा, हुकाचं टोक बोटाने घट्ट बंद करा. तरीही शिट्टी वाजली तर हुकाला तडा किंवा मशीनच्या आतला दोष. हे सेंटरचं काम.
२. थांबली तर नळी-मोल्ड परत लावा आणि मोल्डच्या कानातल्या टोकाचं भोक बोटाने बंद करा. मोल्डला हवेसाठी दुसरं बारीक भोक असेल तर तेही. आता वाजली तर नळी फाटली आहे किंवा सैल आहे.
३. इथेही थांबली तर गळती कानात आहे: मोल्ड सैल, नीट न बसवलेला, किंवा कानात मळ. मळामुळे आवाज आपटून मागे येतो. तो कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून काढा, बड घालू नका.
डिजिटल मशीन शिट्टी आपोआप दाबतं, म्हणून प्रत्येक पायरीला पाच-दहा सेकंद थांबा.

सेलवाला_ठाणे:
सेलचं मी सांगतो. हे सेल झिंक-एअर, म्हणजे हवेवर चालणारे. स्टिकर निघाला की सपाट बाजूच्या बारीक भोकांतून हवा आत जाते. म्हणून स्टिकर काढल्यावर लगेच दार लावू नका, दोन-तीन मिनिटं उघडा ठेवा. एकदा निघालेला स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही.

आता तुमची डबी. सिलिका जेल मशीनची ओल शोषतं तसं सेलमधलंही पाणी ओढतं, आणि झिंक-एअरला आतलं पाणी लागतं. चार दिवसांचा हिशेब बराचसा इथेच लागतो. रात्री सेल काढून कोरड्या जागी ठेवा, मशीन दार उघडं ठेवून डबीत. सेलच्या घरातले पत्रे कोरड्या कापसाने पुसा. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले असतील तर डबी नुसती शोभेची आहे, दाणे बदला. जादा सेल फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव धरतं.

मल्टिमीटरवर फार विसंबू नका. लोड नसताना, म्हणजे मशीनबाहेर मोजताना, संपत आलेला सेलही १.३ व्होल्ट दाखवतो आणि मशीनमध्ये घातला की मान टाकतो. नातवंडं असतील तर जुने सेल लगेच त्यांच्या हाताबाहेर टाका. गिळला तर वाट न बघता हॉस्पिटल.

सातारी_कान:
माझ्या आईचं मशीन रिसीव्हर (छोटा स्पीकर) कानात असलेलं, चार्जिंगचं आहे. चार्ज पूर्ण, पण आवाज नाही. तिथे नळीच नाही, मग काय बघू?

कर्णफूल:
@सातारी_कान मळाची जाळी. रिसीव्हरच्या टोकावरचा रबरी डोम काढा, आत पांढरी बारीक जाळी दिसेल. पाकिटातल्या काडीचं रिकामं टोक जाळीत घालून सरळ ओढा, काडी फिरवून नवीन जाळीचं टोक दाबा. प्रत्येक कंपनीची जाळी वेगळी, दुसरीची बसवू नका. डोम परत लावल्यावर एकदा ओढून बघा, सैल राहिला तर कानातच अडकतो. आणि चुकून बटण दाबलं जाऊन टेलिकॉइलचा प्रोग्रॅम (माइकऐवजी फोनचा किंवा सभागृहातला आवाज चुंबकीय लहरींतून पकडणारा) लागला नाही ना? त्यात माइक बंद असेल तर मशीन मेल्यासारखंच वाटतं.

चिपळूणकर७:
तपासलं. हुक बंद केल्यावर शांत. मोल्डची भोकं बंद केली तर वाजतं. नळी पिवळट आणि कडक झाली आहे, मोल्डमध्ये शिरते तिथे बारीक चीर दिसते. थेंबही होता. हे पुण्यालाच न्यावं लागेल का?

कर्णफूल:
नाही. नळी बदलायला कंपनीचं सेंटर लागत नाही, गावातला कोणताही ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) दहा-पंधरा मिनिटांत करून देईल. जाड भिंतीची नळी मागा, ओल कमी धरते. लांबी जुनीइतकीच हवी, पण कडक झालेली नळी आक्रसलेली असते, म्हणून मशीन कानावर ठेवूनच कापायला सांगा. आखूड झाली तर मोल्ड कानातून वर ओढला जातो आणि तुमची शिट्टी परत सुरू. पुढची नळी दिवाळीनंतर बदला, तीन ते सहा महिने एवढंच तिचं आयुष्य. चावताना शिट्टी तरीही राहिली तर मोल्डचं वरचं टोक कानाच्या वरच्या पाळीखाली गेलंय का बघा. वयस्कर माणसांचं ते हमखास बाहेर राहतं. दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढून बसवायला सांगा.

सेलवाला_ठाणे:
आणि बाबांनी नवी कवळी लावली असेल किंवा वजन उतरलं असेल तर कानाचा आकार बदलून मोल्ड सैल झालेला असू शकतो; मग नळी बदलूनही भागणार नाही, नव्या मोल्डसाठी कानाचा साचा नव्याने घ्यावा लागेल.